प्रमेही रुग्णाचे वृक्क आणि शोधनापूर्वीचे आपले कर्तव्य

शरद ऋतू जवळ आला की आपल्या चिकित्सालयांतून विरेचनाची लगबग सुरू होते. एकीकडे ऑक्टोबरचा उष्मा, दुसरीकडे पित्ताचा प्रकोप, आणि 'वैद्यराज, यंदा पंचकर्म करून घ्यायचेच' असा निश्चय करून आलेले रुग्ण. या रुग्णांत प्रमेहींची संख्या दरवर्षी वाढते आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेलेली आहे. त्यांतील साधारण तीनांपैकी एकाच्या वृक्कांवर कालांतराने परिणाम होतो. म्हणजे आपल्या दारी येणाऱ्या प्रमेहींपैकी पुष्कळांचे वृक्क आधीच दुखावलेले असतात. मात्र त्याची वार्ता ना रुग्णाला असते, ना वैद्याला.

प्रस्तुत लेखात आम्ही नवीन योग वा नवीन कल्प सांगणार नाही. वृक्कातील रक्तप्रवाह हा विषय आपण पदवीच्या प्रथम वर्षात शारीरक्रियेच्या परीक्षेपुरता वाचला आणि नंतर विसरलो. तो विसरणे आज आपल्याला परवडणारे नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे. हे म्हणण्याचा अधिकार आम्हाला एका चुकीने मिळवून दिला आहे. ती प्रथम सांगतो.

आमच्या हातून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वय ५८, निवृत्त शिक्षक, मधुमेह १४ वर्षांचा, सोबत रक्तदाब. प्रकृती कफपित्ताची, शरीर स्थूल, बल उत्तम. संहितेतील स्थूल आणि बलवान प्रमेहीचे वर्णन जणू त्यांना पाहूनच लिहिले असावे, असे आम्हाला वाटले. संशोधन हीच त्यांची चिकित्सा, हे ठरवायला आम्हाला फार वेळ लागला नाही. दीपन-पाचन, स्नेहपान, अभ्यंग-स्वेदन यथाविधी झाले. विरेचनाच्या दिवशी २२ वेग आले. मध्यम शुद्धी झाली म्हणून आम्ही समाधानी होतो.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी चिकित्सालयात आल्या. 'मास्तरांना लघवी जवळजवळ होतच नाही, नुसते पडून आहेत' हे त्यांचे शब्द. तपासणीत क्रिएटिनिन ३.४ आले. त्यांना तातडीने रुग्णालयात दाखल केले. शिरेतून द्रव दिल्यावर आठवड्याभरात मूत्रप्रवृत्ती पूर्ववत झाली, डायलिसिसची वेळ आली नाही. पुढे त्यांच्या पिशवीतील कागद चाळताना एक वर्षापूर्वीचा अहवाल सापडला. त्यात क्रिएटिनिन १.४ होते. त्या वयाच्या पुरुषात याचा अर्थ वृक्काची गाळण्याची क्षमता ५८ च्या आसपास, म्हणजे आधीच घटलेली. तो कागद शोधनापूर्वी आमच्या टेबलावर होता. आम्ही तो उघडला नव्हता.

आणखी दोन गोष्टी नंतर कळल्या. रक्तदाबासाठी ते टेल्मिसार्टन आणि मूत्रल औषध यांची एकत्रित गोळी घेत होते व ती त्यांनी विरेचनाच्या दिवशीही निष्ठेने घेतली होती. गुडघे दुखतात म्हणून नाक्यावरच्या दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून दोन-दोन घेत होते. आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. त्यांचे क्रिएटिनिन शेवटी १.९ वर स्थिरावले, १.४ वर ते परत आले नाही. मास्तरांनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. परंतु ५८ वरून ४० वर आलेली ती क्षमता आमच्या खाती जमा आहे, हे आम्ही जाणतो.

हे का घडले? याचे उत्तर वृक्कातील रक्तप्रवाहात आहे.

दोन धमनिकांमधला गुच्छ

दोन्ही वृक्कांचे मिळून वजन सुमारे ३०० ग्रॅम. शरीराच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरी हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक, म्हणजे एक लिटरच्या पुढे, त्यांच्या वाट्याला येतो. प्रत्येक वृक्कात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी त्यांतून साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील दीड-दोन लिटर वगळता बाकी सर्व परत शोषून घेतला जातो.

या गाळणीची रचना शरीरात अन्यत्र नाही. इतर अवयवांत धमनिकेतून केशिका आणि केशिकांतून सिरा असा क्रम असतो. येथे केशिकांच्या गुच्छाच्या आधी एक धमनिका आहे आणि नंतरही एक धमनिका आहे. पहिली रक्त आणणारी, दुसरी रक्त नेणारी. शेतात पाणी सोडताना पाटाच्या तोंडाशी एक फळी आणि शेवटी दुसरी फळी असावी, तसे हे आहे. वरची फळी किती उघडी आणि खालची किती मिटलेली यावर मधल्या वाफ्यातील पाण्याची पातळी ठरते. गुच्छातील दाब असाच या दोन धमनिकांच्या संकोच-विकासावर ठरतो.

मधुमेहात नेमके हेच बिघडते. रक्तातील शर्करा वाढली की गाळलेल्या द्रवातही ती वाढते. वृक्कनलिकेचा आरंभीचा भाग ही शर्करा परत शोषताना तिच्याबरोबर सोडियमही ओढून घेतो. त्यामुळे नलिकेच्या पुढच्या भागात, जेथे मिठाचे प्रमाण मोजणाऱ्या पेशी बसलेल्या असतात, तेथे मीठ कमी पोहोचते. त्या पेशींचा समज होतो की वृक्काला रक्तच कमी मिळते आहे. त्या आदेश देतात आणि रक्त आणणारी धमनिका विस्फारते. त्याच वेळी अँजिओटेन्सिनच्या प्रभावाने रक्त नेणारी धमनिका आकुंचित राहते. वरची फळी उघडी, खालची मिटलेली. गुच्छात दाब वाढतो आणि गाळण्याचा वेग नेहमीपेक्षाही अधिक होतो.

मधुमेहाच्या पहिल्या काही वर्षांत वृक्काचे काम असे वाढलेले दिसू शकते, आणि ती वाढच पुढील ऱ्हासाची सुरुवात असते. सततच्या दाबाने गुच्छाची भिंत जाड होते, तिची चाळण सैल पडते आणि अल्ब्युमिन मूत्रात झिरपू लागते. किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेही वृक्कातील गाठी १९३६ सालीच वर्णन केल्या होत्या. परंतु अतिगाळणच वृक्काचा नाश करते, हा विचार ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ठामपणे मांडला. त्यानंतर चिकित्सेची दिशाच बदलली.

रक्तदाबाची गोळी कोणासाठी?

येथे आपल्या व्यवसायबंधूंकडून वारंवार होणाऱ्या एका चुकीकडे लक्ष वेधतो. रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या वर्गातील औषधे अँजिओटेन्सिनचा प्रभाव कमी करतात. त्यामुळे रक्त नेणारी धमनिका सैल होते, खालची फळी थोडी उघडते, गुच्छातील दाब उतरतो. १९९३ साली कॅप्टोप्रिलने आणि २००१ साली लोसार्टन व इर्बेसार्टन यांनी मधुमेही वृक्काचा ऱ्हास मंदावतो, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले.

दाब उतरला की गाळण्याचा वेगही प्रारंभी किंचित उतरणार आणि क्रिएटिनिन थोडे वाढणार, हे ओघानेच आले. पहिल्या काही आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ तज्ज्ञ सामान्यतः स्वीकारतात. रुग्ण मात्र घाबरतो. 'ॲलोपॅथीच्या गोळीने किडनी बिघडली' असे म्हणत तो आपल्याकडे येतो आणि आपणही उत्साहाने ती गोळी बंद करतो. पंधरा दिवसांत क्रिएटिनिन उतरते. रुग्ण धन्यवाद देतो, आपण तो अहवाल भिंतीवर लावतो. प्रत्यक्षात आपण काय केलेले असते? खालची फळी पुन्हा मिटून गुच्छावरचा दाब परत वाढवलेला असतो. अहवाल सुधारतो, वृक्क बिघडत राहतो. वृक्करोगावरील यशोगाथांपैकी काही अशा असाव्यात, हे कटू असले तरी आपण आपल्याशी मान्य केले पाहिजे.

अलीकडच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या औषधांचे कार्य याच चित्राच्या दुसऱ्या टोकाला आहे. ती नलिकेतील शर्करा व सोडियम यांचे शोषण रोखतात. मीठ मोजणाऱ्या पेशींपर्यंत मीठ पोहोचते, त्यांचा गैरसमज दूर होतो आणि रक्त आणणारी धमनिका पुन्हा आकसते. २०१९ ते २०२३ या काळात प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांनी या वर्गातील औषधांचा वृक्कास लाभ दाखवला. येथेही आरंभी क्रिएटिनिन थोडे वाढते आणि येथेही घाईने औषध बंद करणे चुकीचे ठरते.

वैद्यांनी अभिमानाने आणि थोड्या खेदानेही लक्षात घ्यावे की या औषधांचे मूळ एका वृक्षत्वचेत आहे. सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन हे कडू द्रव्य १८३५ साली वेगळे केले गेले. त्याने मूत्रात शर्करा उतरते हे १८८६ साली फॉन मेरिंग यांनी दाखवले. त्या सूत्रावरून घडवलेले पहिले औषध २०१२ साली युरोपात मान्य झाले. एका सालीचा पाठपुरावा पावणेदोनशे वर्षे झाला. आपल्या विजयसार, दारुहरिद्रा, सप्तरंगी यांचा असा पाठपुरावा आपण किती केला, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारतो.

शोधन आणि शुष्क वृक्क

आता मास्तरांच्या प्रसंगाकडे वळू. विरेचनात शरीरातील जल आणि लवण यांचा मोठा अंश बाहेर पडतो. रक्ताचे आयतन घटते. निरोगी माणसात वृक्क दोन उपायांनी स्वतःला सांभाळतो. प्रोस्टाग्लँडिनच्या साहाय्याने तो रक्त आणणारी धमनिका उघडी ठेवतो आणि अँजिओटेन्सिनच्या साहाय्याने रक्त नेणारी धमनिका आवळून गुच्छातील दाब टिकवतो. वेदनाशामक गोळी पहिला उपाय काढून घेते. टेल्मिसार्टन दुसरा काढून घेते. मूत्रल औषध आधीच कमी झालेले जल आणखी कमी करते. वर आम्ही २२ वेगांचे विरेचन दिले. गुच्छात दाब उरेल कसा?

म्हणजे जी गोळी एरवी वृक्काची रक्षक, तीच जलक्षयाच्या दोन-तीन दिवसांत धोक्याची ठरू शकते. यावर उपाय गोळी कायमची सोडण्याचा नाही. शोधनाच्या काळात ती किती दिवस थांबवावी आणि केव्हा पुन्हा सुरू करावी, हे ती लिहून देणाऱ्या चिकित्सकाशी बोलून ठरवावे, हा उपाय आहे. डॅपाग्लिफ्लोझिन वर्गातील औषधांबाबत आणखी एक भय आहे. लंघन, वमन वा विरेचन यांच्या काळात ती चालू राहिली तर रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्लता माजू शकते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ती किमान तीन दिवस थांबवण्याचा दंडक आहे. आपल्या शोधनालाही तोच विवेक लागू व्हायला हवा.

हा विचार शास्त्राला परका नाही. मधुमेही दुर्विरेच्य असतात आणि त्याचे कारण मेदाने व्यापलेले शरीर, असा इशारा सुश्रुतांनी दिलेला आहे. स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल असा भेद करून दुसऱ्यास बृंहण सांगताना चरकाचार्यांनी शोधनाची मर्यादाही सांगितली आहे. मेदोवह स्रोतसाचे मूळ म्हणून वृक्कांचा उल्लेख दोन्ही संहितांत आहे, आणि प्रमेहाच्या दूष्यांत मेद अग्रभागी आहे. हा संबंध मननीय आहे. मात्र त्यावरून 'आधुनिकांना आज कळले ते आम्हाला तेव्हाच ठाऊक होते' असे म्हणण्याची घाई करू नये. ओज म्हणजे अल्ब्युमिन, असे सरळ समीकरण मांडणारे लेख आम्ही वाचले आहेत. अशी समीकरणे टाळ्या मिळवतात, पण रुग्णाला वाचवत नाहीत. आमच्या मास्तरांचे बल उत्तम होते, हे आमचे परीक्षण चुकीचे नव्हते. बल पाहिले आणि वृक्क पाहिला नाही, ही चूक होती.

'नाडी आणि मूत्रपरीक्षा असताना प्रयोगशाळा कशाला?' असा प्रश्न काही ज्येष्ठ वैद्य विचारतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही म्हणतो की, आरंभीच्या अवस्थेत झिरपणारे अल्ब्युमिन दिवसाला ३० ते ३०० मिलिग्रॅम एवढे अल्प असते. ते डोळ्यांना दिसत नाही, तैलबिंदूत उमटत नाही, आणि मूत्रात बुडवण्याच्या साध्या पट्टीवरही बहुधा सुटून जाते. क्रिएटिनिनदेखील निम्मी क्षमता जाईपर्यंत फारसे हलत नाही. जे इंद्रियांना अगोचर आहे त्यासाठी यंत्र वापरण्याने परीक्षकाचा मान कमी होत नाही.

फार्मसीचालक बंधूंना

रुग्ण वैद्याकडे वर्षातून चार वेळा येतो, दुकानात महिन्यातून चार वेळा. म्हणून पुढील गोष्टी विशेषतः आपल्यासाठी.

गुडघेदुखीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या, घटक न लिहिलेल्या पुड्या दुकानात ठेवू नयेत. त्यांत स्टिरॉइड वा वेदनाशामक मिसळलेले असण्याचा संभव असतो, आणि प्रमेहीच्या वृक्काला दोन्ही घातक. वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. आमच्या मास्तरांना त्या दुकानात कोणी एक प्रश्न विचारला असता तर कदाचित हा लेख लिहावा लागला नसता.

क्षार आणि लवण असलेल्या कल्पांबाबत सावध राहावे. यवक्षारात पोटॅशियम असते. दुर्बळ वृक्क ते बाहेर टाकू शकत नाही, आणि टेल्मिसार्टनसारखी औषधे ते आणखी साठवतात. चंद्रप्रभा वटीसारख्या नित्याच्या कल्पातही दोन क्षार आणि तीन लवणे आहेत. मात्रा अल्प असली तरी वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेणाऱ्याला हे सांगायला हवे. भास्करलवण चूर्ण आणि यष्टिमधूचा दीर्घ प्रयोग, दोन्ही रक्तदाब वाढवू शकतात. कमरख आणि बिंबली यांचा रस 'साखरेवर उत्तम' म्हणून कोणी मागितला तर वृक्करोग्याला तो निक्षून नाकारावा. त्यातील ऑक्झॅलेटने वृक्क अचानक निकामी झाल्याची उदाहरणे आहेत.

वनस्पतींची ओळख हा तर आपल्या धंद्याचा प्राण. बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या एका चिकित्सालयात चिनी वनस्पतीच्या जागी नामसाधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया वर्गातील वनस्पती आली आणि अनेक स्त्रियांचे वृक्क कायमचे गेले. १९९३ साली हे प्रकरण उजेडात आले. आपली ईश्वरी, अर्थात सापसंद, त्याच कुळातील आहे. २००८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकाने इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदीय औषधांची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यावर आपण रागावलो, ते स्वाभाविक होते. परंतु प्रत्येक घाणीच्या रसौषधीचा तपासणी अहवाल मागण्याची सवय आपल्यातील किती जणांनी त्यानंतर लावून घेतली?

आमची सूचना

आमची सूचना अल्प आहे. प्रमेही रुग्णाचे शोधन ठरवण्यापूर्वी चार गोष्टी केसपेपरवर लिहिलेल्या असाव्यात. एक, सकाळच्या मूत्रातील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. दोन, रक्तातील क्रिएटिनिन आणि त्यावरून वयानुसार काढलेली गाळण्याची क्षमता. तीन, रक्तदाब, बसून आणि उभे राहून. चार, रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी. ती रुग्णाच्या तोंडून नको, त्याने पिशवीतून काढून टेबलावर ठेवलेल्या पाकिटांवरून असावी. क्षमता ६० च्या खाली असेल किंवा अल्ब्युमिन वाढलेले असेल तर तीक्ष्ण शोधनाचा मोह आवरावा आणि संबंधित तज्ज्ञाशी बोलल्याखेरीज पुढे जाऊ नये. शोधन केलेच, तर तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन पुन्हा पाहावे. संघटनेने अशा नमुन्याचा एक कागद छापून सभासदांना द्यावा, अशी आमची विनंती आहे.

उरते ते आपले खरे बळ, आणि ते थोडे नाही. यवाचे पदार्थ, मिताहार, लोणची-पापड-शेव यांतील मिठाला आळा, नित्य चालणे, निद्रेचा नियम. निर्धन प्रमेहीला शंभर योजने चालायला सांगणारे सुश्रुत आपलेच आहेत. पथ्याच्या बाबतीत रुग्ण आपले ऐकतो, कारण आपण त्याच्याशी अर्धा तास बोलतो. त्या अर्ध्या तासातील दोन मिनिटे पिशवीतील कागदांसाठी राखून ठेवावीत.

मास्तर अजूनही दर तीन महिन्यांनी आमच्याकडे येतात. पिशवी टेबलावर रिकामी करून 'आता विचारा' म्हणतात. आम्ही एकेक कागद उघडून वाचतो, मगच नाडीला हात लावतो.